पांढरे मणी

रविवार, ५ जुलै

तिसऱ्या वर्षीही तीच! मेणबत्ती तिच्याच हातात.

वर्षातला एक रविवार आमच्या चर्चमध्ये कुटुंबाचा असतो. मिस्सा संपली की फादर सगळ्यांत भरलेल्या घराला वेदीपाशी बोलावतात आणि त्या घरच्या आईने मोठी मेणबत्ती लावायची. माझी धाकटी जाऊ पुढे गेली. पाच पोरं मागे, उंचीप्रमाणे. शेंडेफळ दिराच्या कडेवर, फादरचा चष्मा ओढत होतं. लोक हसले. मीही हसले. दात दाखवायला काय लागतं?

मी शेवटच्या बाकावर. हा बाक यांनी केलेला. चर्चचे निम्मे बाक यांच्याच हातचे. आठ माणसं ऐसपैस बसावीत म्हणून लांब केला होता. मी टोकाला एकटी बसते. मध्ये सरका असं कुणी म्हणतही नाही.

बाहेर पायऱ्यांवर सासूबाई ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत होत्या, "आम्ही नऊ भावंडं. माझ्या आईला कुणी विचारलं नाही कधी, पुरे का म्हणून. हल्लीच्यांना दोनातच धाप लागते." मग मी दिसले आणि गप्प झाल्या.

ते गप्प होणंच जास्त लागतं. बोलून टाकलं असतं तर बरं.


बुधवार, ८ जुलै

फादरांनी बोलावलं. माझ्या ओवलेल्या जपमाळा चर्चच्या दुकानात असतात, म्हटलं तुटली असेल एखादी.

तर नाही! दवाखान्यातल्या सिस्टर लग्न झालेल्या बायकांचा वर्ग घ्यायच्या — दिवस कसे मोजायचे, कुठल्या दिवसांत नवऱ्यापासून लांब राहायचं. चर्चला गोळ्या चालत नाहीत, ऑपरेशन चालत नाही, काहीच चालत नाही. मोजलेले दिवस तेवढे चालतात. सिस्टरची बदली झाली. "आता तुम्ही घ्या," फादर म्हणाले. "तुम्ही वाचता. बायका तुमच्याशी मोकळ्या बोलतील."

"मला मूल नाही फादर."

"म्हणून तर," म्हणाले, आणि मग त्यांचेच कान लाल झाले. अगदी पोरसवदा आहेत. माझा असता तर एवढाच — असो.

त्यांना काय माहीत. हे दिवस मला जितके पाठ आहेत तितक्या प्रार्थनाही नाहीत. अकरा वर्षं मोजले. पण उलटे! ज्या दिवसांत लोकांनी लांब राहायचं, तेच दिवस आम्ही धरून बसायचो. सकाळी उठल्याउठल्या जिभेखाली थर्मामीटर. हे कारखान्यातून लवकर यायचे, केसांत लाकडाचा भुसा, आणि दारातूनच सलाम ठोकायचे, "सरकारी ड्यूटीवर हजर!" मी पोट धरून हसायचे. पुढेपुढे हसू येईना. मग त्यांनी सलाम ठोकणं सोडलं. लवकर यायचं मात्र नाही सोडलं.

हो म्हणून आले. का, ते विचारू नये.


मंगळवार, १४ जुलै

पहिला वर्ग. चर्चच्या मागची खोली, लहान मुलांच्या खुर्च्या. त्यात बायका गुडघे हनुवटीला लावून बसल्या.

सिस्टरांच्या पद्धतीची माळ करून नेली होती. एक लाल मणी — पाळीचा पहिला दिवस. मग तपकिरी — मोकळे दिवस. मग ओळीने बारा पांढरे — लांब राहायचं. मग पुन्हा तपकिरी, शेवटपर्यंत. माळेत एक रबराची चकती. रोज सकाळी ती एक मणी पुढे सरकवायची. एवढंच. लिहिता-वाचता न येणारीलाही जमावं.

"अगंबाई, पांढरे एवढे?" बेकरीवाली म्हणाली. "आमच्याकडे एवढा उपास कुणाला झेपायचा नाही."

"पांढऱ्या दिवशी त्याला भट्टीपाशी झोपव," दुसरी म्हणाली. हसून हसून खुर्च्या करकरल्या.

शाळेतल्या बाई पहिल्या रांगेत. त्यांना दोन. पाठोपाठ झालेले, आणि मग दहा वर्षं सामसूम. "आम्हाला देवाने दोनच दिले," असं अगदी साध्या चेहऱ्याने सांगतात. सगळ्या माना हलवतात. कुणी विचारत नाही की बाई, देवाने नेमकं तुमच्याच घरी काटेकोर मोजून कसं दिलं? निम्म्या चर्चला देवाने दोनच दिलेत! पण "मला देवाने दिलं नाही" असं मी म्हणायचे ना, तेव्हा कुणी मान हलवली नाही. काढे सांगितले, डॉक्टर सांगितले, नवस सांगितले. दोन ही देवाची मर्जी. शून्य हा बाईचा दोष.

संपताना पाठीमागून ऐकू आलं, "पाण्यात कधी पाय नाही बुडवला आणि पोहायला शिकवतेय." बोलणारी कोण, ते मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढच्या वेळी तिची माळ करावीशी वाटली नसती.

आणि सगळ्यांत शेवटी कोण यावं? धाकटी जाऊबाई! शेंडेफळ कमरेवर, पदराला बिस्किटाचा चिखल. "मला पण एक करा वहिनी. डॉक्टरीणबाईंनी दम दिलाय." शेवटची तीन पोट फाडून झाली तिची. पुन्हा दिवस राहिले तर जुना टाका आतून उसवेल, मग बाळही नाही आणि आईही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय म्हणे.

एवढं सांगताना तिचा आवाजही हलला नाही. जांभई दिली तिने. जांभई!


शुक्रवार, १७ जुलै

दिराकडे गेले होते. माळेसाठी तिच्या तारखा विचारायच्या होत्या. त्या घरात पाऊल कुठे ठेवावं कळत नाही — बूट, पाट्या, अर्धं सफरचंद. पोरं "मोठी आई, मोठी आई" करत अंगावर आली. कुणी शिकवलं त्यांना हे नाव? मोठी, आणि आई. दोन्हींतलं खरं फक्त पहिलं.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. "कसल्या माळा न् काय. आता शेंडेफळ दोन वर्षांचं झालं. पाळणा किती दिवस रिकामा ठेवायचा?"

दीर जेवत होता. शांत माणूस, यांच्याचसारखी मान खाली घालून जेवतो. "आई, डॉक्टर नको म्हणाल्यात." मग माझ्याकडे बघून, "ऑपरेशन करा म्हणत होत्या, वहिनी. मी म्हटलं नाही. देवाच्या कामात आपण कात्री घालायची नाही. दिवस पाळायचे सांगा, पाळतो."

पाळतो म्हणे. जीव हिचा आणि पाळणार हा.

निघताना जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होती. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "एक झालं म्हणून काय बिघडतं?" तर ही हसली आणि मला म्हणाली, "झालंच सहावं तर तुमच्या ओटीत टाकते वहिनी. घेऊन जा तुमचं तुम्ही."

सगळे हसले. मीही.

रस्ताभर तेच कानात. ओटीत टाकते. जसं काही शेजारणीला उरलेली भाजी द्यावी.


शनिवार, १८ जुलै

ओटीत टाकते म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली.


रविवार, १९ जुलै

तिची माळ ओवली.

माझे मण्यांचे डबे पाळण्यात असतात. यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी केला तो, चर्चच्या बाकातून उरलेल्या फळ्यांचा. कठड्याला एवढं घासलंय की रेशमाचा दोराही अडकायचा नाही. त्यात निजायचं होतं कुणी. निजले डबे. लाल, तपकिरी, पांढरे.

आधी नीट ओवली. लाल एक. तपकिरी. पांढरे बारा. हात सवयीने चालतात, मन कुठेही भटकतं. मनात ती मेणबत्ती होती. मग तिची जांभई. मग यांचा शेवटचा आठवडा आठवला — दवाखान्यात, छातीला तारा लावलेल्या, आणि मला म्हणाले, "तुला एकटीला टाकून चाललो ना गं." एकच माणूस होतं माझं. तिचं सहावं माझ्याकडे आलं तरी नवरा धरून तिला सहा उरतात.

चार पांढरे काढले. त्यांच्या जागी चार तपकिरी ओवले. पांढऱ्यांतले शेवटचे चार, जिथे बाई निर्धास्त होते.

हात चुकला असं इथे लिहायचं ठरवलं होतं. नाही लिहीत. ही वही माझी आहे. डॉक्टर काय, घाबरवतातच. तिला कधी काही झालं नाही. तिला होत नसतंच काही, तिला फक्त मुलं होतात.


सोमवार, २० जुलै

देऊन आले. तिने माळ हातात घेतली, बोटांवरून एकदा सगळी फिरवली आणि भिंतीवर येशूच्या चित्राखालच्या खिळ्याला अडकवली. "छान झालीय वहिनी," म्हणाली.

चेहऱ्यावर काही नाही. चहा दिला. साखर जास्त होती.


गुरुवार, २३ जुलै

वर्ग. बारा पांढरे, बारा पांढरे — दहा वेळा म्हटलं. जाऊ आली नव्हती. बरंच झालं.


रविवार, २ ऑगस्ट

सासूबाईंनी धमाल केली! डोळ्यांना धड दिसत नाही, काल संध्याकाळी खिळ्यावरून जाऊची माळ काढली आणि तिच्यावर अख्खी रोझरी, दहा-दहा मण्यांचा तो सगळा जप, म्हणायला बसल्या. मिस्सा सुटल्यावर माझ्यावर ओरडल्या, "हल्ली कसल्या माळा करतेस गं तू? क्रॉस नाही, गाठी नाहीत, दहा झाले कुठे न् सुरू कुठे, काही कळत नाही! तासभर फिरतेय मी गोल गोल!"

जाऊ तोंडात पदर कोंबून हसत होती. "आईंनी चकती पण कुठच्या कुठे नेली, वहिनी. त्यांच्या प्रार्थनेने आमचा अर्धा महिना सरला."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, "पुन्हा नीट लाव हं चकती. तारीख बघून लाव." तिने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "लावली की," म्हणाली.


रविवार, ९ ऑगस्ट

पाळण्यातले डबे काढून फळीवर ठेवले. पाळणा पुसला. कशासाठी, ते मला माहीत आहे. एका बाजूची कडी गंजलीय, तेल घालायला हवं.

वाचनालयातून बाळंतपणावरचं पुस्तक आणलं. शाळा सातवीतच सुटली माझी, बाकी जे काही डोक्यात आहे ते छापील कागदांचं. हे पॉलिश करताना खाली अंथरायला जुनी मासिकं आणायचे. मी आधी वाचून घ्यायचे, आणि हे ब्रश हातात धरून उभे. "दार पॉलिश व्हायचं थांबलंय बाईसाहेब, झाली का गोष्ट?"

या पुस्तकात टाक्यांवर एक प्रकरण आहे. ते सोडून बाकीचं वाचलं.


मंगळवार, १८ ऑगस्ट

सकाळी थोरली पुतणी धावत आली. आईला उलट्या होतायत.

काय सांगू — पहिल्यांदा आनंद झाला! पायांत जोर आला. रस्त्याने जाताना नावंसुद्धा ठरवत होते. मुलगी झाली तर, मुलगा झाला तर.

ती मोरीजवळ जमिनीवरच आडवी होती. चेहरा राखेसारखा. ओठ पांढरे. शेंडेफळ तिच्या पोटावर डोकं ठेवून पडलेलं, ते हाकललं तरी हलेना. दीर कामावर. सासूबाई खुर्चीत, हात जोडून. थोरलीने माझा पदर धरला, हळूच विचारलं, "मोठी आई, आई मरणार का?"

नाही म्हटलं. कुठल्या तोंडाने म्हटलं देव जाणे.

तोंड पुसलं तिचं, पाणी पाजलं, डोकं मांडीवर घेतलं. किती हलकं डोकं आहे! पाच पोरांच्या आईचं डोकं जड असेल असं मला का वाटत होतं? केसांत पांढरे दिसले, कानाच्या मागे. माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे ती.

"कधीची पाळी चुकलीय?" मी विचारलं. डोळे न उघडता म्हणाली, "दोनचार दिवस वर झालेत. होतं असं."

भिंतीवर ती माळ. चकती तपकिरी मण्यांच्या अगदी शेवटाला. मी तिकडे पाठ करून बसले.

घरी येऊन ते सोडलेलं प्रकरण वाचलं. सगळं. दोनदा.


बुधवार, १९ ऑगस्ट

पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे तेच पोरसवदा फादर. म्हटलं, मला हेवा वाटतो. म्हणाले, कुणाचा? म्हटलं, ज्यांचं घर भरलेलं आहे त्यांचा. त्यांनी समजावलं, गोड बोलले, तीन प्रार्थना दिल्या.

मण्यांचं नाही बोलले मी. तीन प्रार्थनांत कसं बसणार ते?


गुरुवार, २० ऑगस्ट

पाळणा परत डब्यांनी भरला. जेवले नाही.


शुक्रवार, २१ ऑगस्ट

चकती लाल मण्यावर!

गेले तर ती ओट्याशी उभी, पोरांना ओरडत होती, गालांवर रंग. उलट्या बिघडलेल्या दुधाच्या होत्या म्हणे, थोरलीलाही झाल्या रात्री. मी भिंतीकडे बघितलं, चकती लाल मण्यावर. मला खुर्ची लागली बसायला.

"काय झालं वहिनी? पाणी देऊ?"

"चढण आहे ना तुमच्याकडे यायला," मी म्हटलं. त्यांच्याकडे यायला चढण नाही.

आणि तरीही — लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही. सुटल्यासारखं वाटलं ते खरं. पण आत खोल कुठेतरी एक पाळणा रिकामा झाला, तेही खरं. दोन्ही एकाच बाईला एकाच क्षणी कसं वाटतं? पुस्तकांत हे कुठे वाचलं नाही.


रविवार, २३ ऑगस्ट

नवी माळ ओवली. बारा पांढरे. उजेडात धरून पुन्हापुन्हा मोजले. उद्या नेणार आणि सांगणार — चूक झाली असं नाही. मी केलं, असं. मग तिने दार लावलं तोंडावर तर लावू दे. पोरांना पाठवणं बंद केलं तर करू दे. "मोठी आई" ऐकू येणार नाही पुन्हा. त्याची तयारी नाहीये. पण जाणार.

हे असते तर काय म्हणाले असते? काही नाही. चप्पल पुढे करून ठेवली असती.


सोमवार, २४ ऑगस्ट

नवी माळ तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "जुनी खोटी आहे. मी मुद्दाम —"

"आठच आहेत पांढरे," ती म्हणाली. घड्या घालणं थांबवलंसुद्धा नाही. "बोलता यायला लागल्यापासून रोझरी धरतेय मी, वहिनी. बोटांना मणी कळतात. तुम्ही दिलीत तेव्हाच कळलं."

मग उठून दार लावून घेतलं. "माझं ऑपरेशन शेंडेफळाच्या वेळीच झालंय. पोट उघडलेलंच होतं, म्हटलं करून टाका. यांना माहीत नाही, आईंना नाही. आता तुम्हाला. सहावं का नाही याला घरात दाखवायला काहीतरी हवं ना, म्हणून माळ. आणि ते ओटीत टाकायचं — आई बसल्या होत्या म्हणून बोलले मी. तुम्ही खरं धरलंत, ते मणी मोजल्यावर कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं बघू, कधी येताय."

मला रडू फुटलं. तिने थोडा वेळ रडू दिलं. मग नवी माळ बोटांवरून फिरवली आणि माझ्याच हातात परत दिली.

"आता करताच आहात तर पांढरे जरा वाढवा वहिनी. मला झोप हवीय."

घरी येऊन सहा वाढवले.